दोन सुया आणि एक धागा

हिंवाळा संपत आला कीं पुष्कळ घरांतील कपाटांत एक पिशवी मागें सरकविली जाते. तींत दोन सुया, लोकरीचा अर्धवट गुंडा आणि वीतभर विणलेला कांहींतरी आकार असतो. तो मफलर होणार होता कीं स्वेटरची बाही, हें पुढील मार्गशीर्षांत तिच्या मालकिणीलाही निश्चित सांगतां येत नाहीं. घरांतील माणसें मात्र त्या पिशवीवरून निकाल देऊन मोकळीं होतात : "हौस होती, संपली." हौशीचें मोजमाप पुऱ्या झालेल्या वस्तूंवरून करण्याची ही पद्धति सर्वत्र रूढ आहे. ती न्याय्य आहे काय, हें पाहण्यासारखें आहे. ज्या कलेंत केलेलें काम क्षणांत मोडतां येतें आणि मोडूनही सामग्रीचा नाश होत नाहीं, तिच्यांतील प्रगति निराळ्या मापानें मोजली पाहिजे, असें माझें मत झालें आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. मराठींत मागावर कापड विणतात, बाज विणतात, जाळें विणतात आणि सुयांवर लोकरही विणतात. एकाच क्रियापदानें इतकीं निरनिराळीं कामें दाखविल्यामुळें त्यांतील भेद सहसा ध्यानांत येत नाहीं. संस्कृतांतील 'वे' या धातूचा अर्थ मागावर विणणें असा आहे. विणकराला 'तंतुवाय' म्हणतात तें यावरूनच. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत यज्ञाचें वर्णन विणल्या जाणाऱ्या वस्त्राच्या रूपकानें केलें आहे. बृहदारण्यकोपनिषदांत गार्गी याज्ञवल्क्यांना जे प्रश्न विचारते, तेही विणकराच्याच भाषेंत. आपण नित्य वापरतों तो 'ओतप्रोत' शब्द तेथें येतो, आणि तो याच 'वे' धातूपासून झाला आहे.

परंतु हें सर्व विणकाम मागावरचें. त्यांत उभे व आडवे असे दोन प्रकारचे धागे एकमेकांना काटकोनांत छेदतात. सुयांवरच्या विणकामांत धागा एकच असतो. त्याचा एक फांसा करावयाचा, त्या फांशांतून दुसरा ओढावयाचा, दुसऱ्यांतून तिसरा. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधारानें उभा असतो व वरच्या टाक्याला आधार देतो. फांशांना वळणें असल्यामुळें हें वस्त्र ओढलें असतां ताणलें जातें व सोडलें असतां पुनः पूर्ववत् होतें. म्हणूनच तें मानेला, डोक्याला व पायाला घट्ट तरीही सुखकर बसतें. आणि याच रचनेमुळें शेवटचा फांसा सोडून धागा ओढला, कीं महिन्याचें काम घटकाभरांत पुनः गुंड्यावर येतें. शिंप्याला कापलेलें कापड अखंड करतां येत नाहीं. कुंभाराला भाजलेल्या घटाचा पुनः चिखल करतां येत नाहीं. विणणाराला ती मुभा आहे, आणि तिचा योग्य उपयोग करतां येणें हेंच या कलेंतील शिक्षणाचें मर्म आहे.

आमच्या एकत्र कुटुंबांत माझ्या थोरल्या वहिनी लोकरीचें काम करीत आल्या. घरांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाच्या बाळंतविड्यांत त्यांच्या हातचें टोपडें व पायमोजे असत. चार वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या सुनेनें त्यांच्याजवळ बसून सुया हातांत घेतल्या. ती बँकेंत नोकरी करते. रात्रीं स्वयंपाकघर आवरल्यावर जो अर्धा-पाऊण तास उरेल, तेवढाच तिचा. तिनें प्रारंभापासून एक वही ठेविली आहे. कोणती लोकर, कितव्या नंबरची सुई, किती टाके, काय बिघडलें व कोठपर्यंत उसवलें, हें ती तींत टिपते. मीं आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या. परंतु आपल्या चुका इतक्या शांतपणें लिहून ठेवणारी वही क्वचितच पाहिली. तिच्या अनुमतीनें त्या वहीच्या आधारें पुढील मजकूर लिहीत आहें.

पहिली वस्तु मफलर. बहुतेक सर्वांची तीच असते, कारण तिला आकार द्यावा लागत नाहीं. चाळीस टाके घालावयाचे आणि सर्व ओळी सुलट विणीत जावयाचें. पण वहीच्या पहिल्याच पानावर अशी नोंद आहे : बाराव्या ओळीला टाके ४०, तिसाव्या ओळीला टाके ४६. हा नवशिक्यांचा ठरलेला अनुभव आहे. ओळीच्या आरंभीं धागा सुईवरून मागें ओढला गेला, कीं पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात, ते दोन टाके म्हणून विणले जातात आणि कापड नकळत पसरत जातें. वहिनींनीं उपाय सांगितला तो असा, कीं नुसते टाके मोजूं नकोस, टाके वाचावयास शीक. सुलट टाका समोरून खालीं टोंक असलेल्या बाणासारखा दिसतो, उलट टाका आडव्या मण्यासारखा. वास्तविक दोन्ही एकच. सुलट टाका मागून पाहिला कीं तोच उलट. हें एकदां डोळ्यांना कळलें, कीं नमुना पाठ करण्याचें ओझें पुष्कळ कमी होतें. खालची ओळच वर काय करावयाचें तें सांगूं लागते. मुळाक्षरें येणें आणि वाचतां येणें यांत जो फरक आहे, तोच येथें आहे.

त्याच मफलरांत ती आणखी एक गोष्ट शिकली. सुईवरून गळलेला टाका एकेक ओळ खालीं उतरत जातो व मागें शिडीसारख्या आडव्या दोऱ्या सोडतो. तेवढ्यानें घाबरून सर्व उसवण्याचें कारण नसतें. क्रोशाच्या सुईनें त्या शिडीची एकेक दोरी फांशांतून ओढून घेतली, कीं टाका पुनः वर चढतो. म्हणजे कोठें उसवावें याइतकेंच कोठें उसवूं नये, हेंही शिकावें लागतें.

दुसरी पायरी टोपड्याची. येथें प्रथमच आकार येतो आणि आकाराबरोबर गणित. ऐंशी टाक्यांचे आठ समान भाग करून प्रत्येक फेरीस प्रत्येक भागांत एकेक टाका घटविला, कीं नऊ फेऱ्यांनंतर आठच टाके उरतात. त्यांतून धागा ओवून ओढला कीं माथा मिटतो. टोपडें लौकर पुरें होतें, म्हणून नवशिक्यांना तें उत्साह देतें. पण त्याच्या निमित्तानें धाग्याची पारख करावी लागते. बाजारांत लोकर म्हणून जें मिळतें, त्यांतील पुष्कळसें ॲक्रिलिक असतें. तें खनिज तेलापासून बनविलेल्या रसायनांचें. तें स्वस्त, रंगीबेरंगी व धुण्यास सोपें. परंतु घाम फारसा शोषीत नाहीं आणि ज्योतीजवळ गेलें कीं वितळतें. मेंढीची खरी लोकर आपल्या वजनाच्या सुमारें तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटांत घेऊनही हाताला ओली लागत नाहीं. मात्र ऊन पाण्यांत चोळली, तर तिच्या तंतूंवरील खवले एकमेकांत अडकून वस्त्र आटतें व जाड होतें. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. धनगरांच्या घोंगडीस ती योग्य, पण तान्ह्या मुलाच्या गालास बोंचणारी. त्यासाठीं मेरिनोसारखी मऊ लोकर हवी; आणि मुंबई-कोंकणच्या दमट हवेंत तर सुती धागाच बरा. विणकाम म्हणजे लोकरच, असें मुळींच नाहीं.

मोज्यांपाशीं पुष्कळांचे छंद थांबतात. आणि थांबतात ते पहिला मोजा पुरा झाल्यावर. तीन सुयांवर टाके वांटून चौथीनें गोल विणीत जाणें आरंभीं अवघड वाटतें, पण खरी कसोटी टाचेची. साठ टाक्यांचा मोजा असेल, तर त्यांतील तीसच टाक्यांवर मागें-पुढें विणून एक पट्टी करावयाची. मग ओळ पुरी न करतां मध्येंच परतावयाचें, पुनः थोडें पुढें जाऊन परतावयाचें; असें केल्यानें सपाट विणीला टाचेचा खोलगटपणा येतो. शेवटीं पट्टीच्या दोन्ही कडांनीं नवे टाके उचलून पुनः गोल विणूं लागावयाचें. कापड न कापतां व शिवण न घालतां पायाचा काटकोन साधण्याची ही युक्ति ज्या अज्ञात हातांनीं शोधली, त्यांच्या बुद्धीचें कौतुक करावें तितकें थोडें. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयांत इजिप्तांत सांपडलेले चौथ्या-पांचव्या शतकांतील लोकरी मोजे आहेत. चपलेचा पट्टा जावा म्हणून त्यांत अंगठ्याशेजारीं फट ठेविलेली आहे. परंतु ते एकाच सुईनें, निराळ्या रीतीनें फांसे गुंफून केलेले आहेत. खऱ्या सुयांवरच्या विणकामाचे जे अगदीं जुने नमुने आज ज्ञात आहेत, तेही इजिप्तांतलेच. अकराव्या ते चौदाव्या शतकांच्या दरम्यानचे, आणि त्यांत निळ्या-पांढऱ्या सुताचे मोजे आहेत.

सूनबाईच्या वहींत पहिल्या मोज्याला नऊ दिवस लागल्याची नोंद आहे. दुसऱ्याला सात महिने. दुसऱ्या मोज्यांत नवें असें कांहीं नसतें, पहिल्याशीं जुळणें तेवढें असतें. तो एकदां चार ओळींनीं लांब झाला, एकदां टाचेशीं सैल झाला. दोन्ही वेळां तिनें तो उसवला. घरांतल्यांच्या दृष्टीनें सात महिन्यांत एक मोजा, म्हणजे हौस संपल्यासारखीच होती. वहींतील पानें मात्र निराळें सांगतात. या सात महिन्यांनंतरच्या कामांत एकाच लांबीच्या दोन वस्तु पहिल्या खेपेस जुळूं लागल्या.

स्वेटरला हात घालण्यापूर्वीं नमुन्याचा लहान तुकडा विणून एका इंचांत किती टाके बसतात तें मोजावें, असा नियम आहे. तो कंटाळवाणा वाटतो आणि म्हणून पुष्कळजणी टाळतात. त्याचें महत्त्व साध्या त्रैराशिकानें कळेल. छाती ३६ इंच, सैलपणासाठीं आणखी ४, मिळून घेर ४० इंच. इंचास ५ टाके धरले, तर २०० टाके लागतील. आतां विणणारीचा हात सैल असून इंचास साडेचारच टाके बसले, तर तेच २०० टाके ४४ इंचांहून अधिक पसरतील. हात घट्ट असून साडेपांच बसले, तर घेर सुमारें ३६ इंचच भरेल आणि स्वेटर अंगांत अडकेल. इंग्लंडांत जन्मलेल्या व अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०–१९९९) यांनीं तर सर्व स्वेटरचें गणितच या एका आकड्यावर उभें केलें. घेराचे टाके शंभर मानले, तर मनगटास वीस, दंडास तेहतीस व गळ्यास चाळीस, असें त्यांचें प्रमाण आहे; म्हणजे वरील उदाहरणांत ४०, ६६ व ८०. त्यांच्या १९७१ सालच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नांवाचा अर्थच 'अश्रूंवांचून विणकाम' असा आहे.

सूनबाईनें पहिल्या स्वेटराच्या वेळीं हा तुकडा विणला नव्हता. वहींतील नोंद अशी : "पाठ चौदा इंच झाली होती. रुंदी फार. सर्व उसवली. लोकर तीच आहे." उसवलेली लोकर कुरळी होते, तिची लडी करून कोमट पाण्यांत बुडवून, खालीं हलकेंसें वजन बांधून वाळविली, कीं ती पुनः सरळ होते, हेंही तिनें त्याच पानावर लिहून ठेविलें आहे.

गेल्या वर्षीं वहिनींच्या बोटांना संधिवातानें घेरलें. थोरल्या बंधूंसाठीं त्यांनीं पुढून बटणांचा स्वेटर विणावयास घेतला होता. पाठ व डावी बाजू पुरी झाली होती. उजवी बाजू व दोन्ही बाह्या राहिल्या होत्या. सुया धरवेनात, तेव्हां त्यांनीं तें काम सूनबाईच्या स्वाधीन केलें. लोकर पुरेशी होती आणि एकाच रंगाची होती. सूनबाईनें त्याच सुयांवर तितकेच टाके घेऊन उजवी बाजू विणली आणि डावीशेजारीं ठेवून पाहिली, तों ती जवळ जवळ एक इंच रुंद. वहिनींचा हात घट्ट, इंचास सहा टाक्यांचा, हिचा साडेपांचांचा. साठ टाके तिकडे दहा इंच झाले होते, इकडे अकराला येऊन पोंचले होते.

वहिनी म्हणाल्या, "अगं, माझी पाठच उसव. सगळा एका हाताचा होऊं दे. मला कांहीं वाटायचं नाहीं."

शास्त्र म्हणून सल्ला बरोबर होता. बंधु कांहीं बोलले नाहींत. पण ती पाठ उसवली जावी, हें घरांत कोणालाच रुचलें नाहीं. त्या बोटांनीं आतां दुसरी पाठ विणली जाणार नव्हती. सूनबाईनें आपली बाजू उसवली. एक नंबर बारीक सुई घेऊन नमुना विणला. इंचास पावणेसहा टाके भरले. आणखी एक नंबर बारीक घेतली, तेव्हां सहा झाले. रुंदी जुळली, परंतु आतां ओळी दाट बसूं लागल्या आणि उंची कमी पडली. म्हणून तिनें ओळी मोजणें सोडलें आणि दर चार बोटांवर आपली वीण वहिनींच्या विणीवर ठेवून लांबी मापली. मध्यें दोनदां पुनः उसवावें लागलें. वहिनी शेजारीं बसत, कापडावरून अंगठा फिरवीत आणि "अजून तुझाच आहे" किंवा "आतां माझ्यासारखा आला" एवढेंच म्हणत. माघांत स्वेटर पुरा झाला. एक हात कोठें संपला व दुसरा कोठें सुरू झाला, तें वहिनी अचूक दाखवितात. इतरांना सांपडत नाहीं.

त्या सबंध वर्षांत सूनबाईनें दुसरें कांहीं पुरें केलें नाहीं, आणि हेंही सर्वस्वी तिचें नव्हतें. वस्तूंच्या हिशेबानें तिचें तें सर्वांत ओसाड वर्ष. परंतु पहिल्या वर्षीं तिला आपला हात ठाऊक नव्हता. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं तो ठाऊक झाला. चौथ्या वर्षीं तो बाजूला ठेवून दुसऱ्याच्या हातानें विणतां आलें. आपलें चौदा इंच उसवतांना जिला शोक झाला नाहीं, तिलाच दुसरीचें एक बोटही न उसवण्याचा मार्ग सांपडला. मला विचाराल, तर प्रगति म्हणतात ती हीच.

आतां कुटुंबांतील इतरांच्या कर्तव्याविषयीं दोन शब्द. काटकसर होईल म्हणून घरांत विणकाम चालू द्यावें, ही अपेक्षा सोडावी. चांगल्या लोकरीचाच खर्च पुष्कळदां लुधियान्याहून येणाऱ्या तयार स्वेटराइतका किंवा त्याहून अधिक होतो. यंत्राशीं ही स्पर्धा आजची नाहीं. इंग्लंडांत विल्यम ली नांवाच्या धर्मोपदेशकानें मोजे विणण्याचें यंत्र १५८९ सालींच तयार केलें. तेव्हांपासून चार शतकांहून अधिक काळ हातविणकाम टिकलें आहे, तें स्वस्त आहे म्हणून नव्हे. विणणारीला हवा असतो तो अखंड वेळ. ओळीच्या मध्येंच हांक आली, कीं टाका गळतो आणि नक्षी चुकते. ओळ पुरी होईपर्यंत चहा थांबूं शकतो. एकत्र कुटुंबांत हात पुष्कळ असतात, तेव्हां एकीला अर्धा तास मोकळा करून देणें अवघड नसावें.

तसेंच हें केवळ बायकांचें काम, ही समजूत नाहींशी व्हावी. युरोपांतील विणकामाच्या श्रेणींत पुरुषच उस्ताद असत. आल्सेस प्रांतांत तर उस्तादपद मिळविण्यासाठीं उमेदवाराला नक्षीदार मोठें आच्छादन विणून दाखवावें लागे. पेरू देशांत टिटिकाका सरोवरांतील ताकिले बेटावर आजही पुरुष टोप्या विणतात व मुलें तें बालपणींच शिकतात. तेथील वस्त्रकलेचा युनेस्कोनें २००५ सालीं गौरव केला. आपल्या घरांतील मुलांनाही सुट्टींत सुया द्याव्या. त्रैराशिक, भागाकार आणि धीर या तिन्ही गोष्टी एका टोपीत शिकवितां येतात.

ज्या घरांत कोणी विणीत असेल, तेथें एक वही अवश्य ठेवावी. सुईचा नंबर, इंचास पडलेले टाके, लोकरीचा रंग आणि उसवण्याचें कारण, एवढें लिहिलें तरी पुरे. रोज अर्धा-पाऊण तास मिळणारीला मोठ्या माणसाच्या स्वेटराला सुमारें चार महिने धरावे. म्हणजे श्रावणांत टाके घातले, तर मार्गशीर्षांत तो अंगांत घालतां येईल. आणि वाटेंत एखादी पाठ उसवावी लागली, तर पौष धरावा. थंडी तेव्हांही असतेच.